आतून धरलेलं दार

१

दर रविवारी सकाळी आमच्या घरी गाड्या धुवायचा कार्यक्रम असायचा. एकोणीस गाड्या, आणि पाणी लागायचं अर्धी वाटी.

ही २००७ सालची गोष्ट. मी लातूरला एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवत होते. सगळं शहर तेव्हा बाहेरगावच्या मुलामुलींनी फुलून गेलेलं. ज्याच्या घरात एक खोली जास्तीची, त्यानं मध्ये प्लायवूड ठोकून तिच्या दोन केलेल्या. आमच्या घरमालकीण केवळाकाकूंनीही खालच्या मजल्यावर तेच केलं होतं. खाली बारावीच्या मुली राहायच्या, वर मी आणि अप्पा.

अप्पा म्हणजे माझे वडील, मार्तंड. नांदेडला एसटीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं मेकॅनिक होते. आई गेल्यावर मी त्यांना लातूरला घेऊन आले. गाड्यांचं वेड मूळचं त्यांचंच. तरुणपणी हैदराबादच्या एका गॅरेजात त्यांनी एक अमेरिकन मस्टँग पाहिली होती. बॉनेट उघडून आत वाकले, ते मनानं पुन्हा कधी बाहेर आलेच नाहीत. तसली गाडी आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या दारात उभी राहणार नव्हती. मग मी नोकरीला लागल्यावर तसल्या गाड्यांची छोटी डायकास्ट मॉडेलं जमवायला लागले. खऱ्या गाडीच्या अठराव्या हिश्श्याएवढी, जस्ताच्या मिश्रधातूची, वीतभर लांब. बॉनेट उघडतं, चाकं वळतात, आत इंजिनाच्या वायरीसुद्धा दिसतात.

"ही रेघ बघ," अप्पा ब्रश फिरवता फिरवता सांगायचे. "कंबरेत बारीक, अन् मागच्या चाकावर कशी फुगली. उडी मारायच्या आधी वाघ मागच्या पायावर बसतो ना, तसं. उभी हाय, पर पळून राहिलीय!"

आम्ही दोघं मग लहान पोरांसारखे हसायचो.

२

आमच्याकडं एकोणसत्तरची डॉज चार्जर नव्हती. तिच्यासाठी आम्ही चार वर्षं झुरत होतो. समोरच्या काळ्या जाळीमागं तिचे दिवे लपवलेले असतात, त्यामुळं ती डोळे मिटून बसल्यासारखी दिसते. मागची काच छताच्या दोन उतरत्या कडांमध्ये आत खोल बसवलेली. मोटारीला असा पाठीचा घाट द्यायचं कुणाला सुचलं असेल, यावर आम्ही तासन् तास बोललो होतो.

आणि ती सापडली उमरीला! माझ्या एका सहकाऱ्यानं सांगितलं, तिथं शिवगंगा नावाच्या एक शिक्षिका आहेत, त्यांच्या कपाटावर अशी एक गाडी आहे. पुढच्याच सुट्टीला मी नांदेडहून मुदखेडमार्गे पॅसेंजरनं उमरी गाठली.

शिवगंगाबाई पन्नाशीच्या, शांत. त्यांनी गाडी वर्तमानपत्रात गुंडाळून तयारच ठेवली होती.

"दिराची आहे," त्या म्हणाल्या. "ते कुवेतला होते, गॅरेजमध्ये. भूकंपाच्या वर्षी गणपतीला सुट्टीवर आले होते. घर सगळं बसलं. त्यातून ही तेवढी निघाली. ओरखडासुद्धा नाही."

मी कागद उलगडला. गडद हिरवी, शेपटीभोवती पांढरा पट्टा. उलटी केली तर तळाला कंपनीचं नाव नव्हतं, आणि एवढ्याशा गाडीला वजन मात्र विलक्षण होतं. पण त्या क्षणी मला कशाचंच काही वाटलं नाही.

किती द्यायचे, असं विचारलं तर त्या नुसतं "न्या" म्हणाल्या. मी उंबऱ्याबाहेर पडल्यावर त्यांनी हाक मारली.

"बाई, तुम्ही मेकॅनिकची मुलगी ना? दार उघडलं तर मला कळवाल?"

"उघडत नाही का?"

"उजवं तर रंगानं चिकटलंय," त्या म्हणाल्या. डाव्याचं विचारणार तोवर त्या आत वळल्या होत्या.

३

अप्पांनी गाडी हातात घेतली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्यासाठी कपाटात मधला खण रिकामा झाला. त्या दिवशी आम्ही जेवायचंही विसरलो.

चौथ्या दिवशी दुपारी मी पेपर तपासत बसले होते. खोलीत पंख्याचा आवाज, आणि त्याखाली दुसरा एक. टिक्. टिक्. थोडं थांबून पुन्हा टिक्.

पाल, घड्याळ, नळ, सगळं तपासलं. मग कपाट उघडलं. आवाज चार्जरमधून येत होता.

अप्पा खाटेवर उठून बसले. "बंद केलेलं इंजिन असंच वाजतं," ते म्हणाले. "लांबून पळून आलेली गाडी थंडी व्हायला लागली की धातू आकसतो. वर्कशॉपात सांजच्याला धा गाड्या एकदम टिकटिक करायच्या."

"पण अप्पा, हिला इंजिन नाही."

"ते बी खरंच हाय."

मी बॉनेटला बोट लावलं. कोमट होतं. कपाटावर ऊन येत असणार. मी गाडी आतल्या खोलीत, सावलीत नेऊन ठेवली. तासाभरानं हात लावला तर बॉनेट अजून कोमट, आणि टिकटिक चालूच.

तेवढ्यात खालची ऋतुजा शंका विचारायला वर आली. जळकोटची, हुशार, सारखी धावत असल्यासारखी बोलणारी मुलगी. तिनं वही उघडली, मग मान वाकडी करून ऐकलं.

"मॅडम, कोण वाजवून राहिलंय?"

'काय वाजतंय' असं ती म्हणाली नाही. माझ्या ते लक्षात आलं. अंगावर शहारा आला, आणि खरं सांगायचं तर मजाही वाटली. रोज तेच सूत्र, तीच गणितं फळ्यावर लिहिणाऱ्या बाईला पहिल्यांदाच उत्तर माहीत नसलेला प्रश्न मिळाला होता.

४

रविवारी गाडी धुवायला घेतली. डावं दार उघडायला गेले तर ते उघडेना.

चिकटलेलं दार कसं लागतं ते मला ठाऊक आहे. ते ढिम्म हलत नाही. हे हलत होतं. नखानं ओढलं की केसभर बाहेर यायचं आणि परत आत जायचं. मी सोडलं की मिटायचं.

"स्प्रिंग असल," अप्पा म्हणाले.

मलाही तसंच वाटलं. मग मी क्लासच्या प्रयोगशाळेतून ताणकाटा, म्हणजे ओढीचं बळ मोजायचा काटा, आणला. दाराच्या फटीत दोऱ्याचा फास अडकवला आणि सावकाश ओढत आकडे लिहायला लागले. स्प्रिंग असती तर जितकं ताणाल तितकं बळ वाढत गेलं असतं, सरळ रेषेत. शाळेतलं पोर सांगेल.

काटा नव्वद ग्रॅमवर गेला. मी ओढ तशीच ठेवली. काटा हळूहळू उतरत सत्तरवर आला, मग एकदम झटक्यानं शंभरवर. पुन्हा उतरत सत्तर. पुन्हा झटका.

मी आलेख काढला. पंधरा मिनिटं, तीस बिंदू. आनंदानं मला बसवेना. असं काही कुठल्याच पुस्तकात नाही! कागद मी अप्पांपुढं नाचवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"मुग्धे," ते म्हणाले, "जॅकवरची गाडी हातानं धरून ठेवायची पाळी आली ना कधी, तर असंच होतं. हात भरून येतो, जरा ढिला पडतो, मंग माणूस पुन्हा जोर करतो."

मी ताणकाटा खाली ठेवला. दारानं दोरा आत ओढून घेतला.

५

त्या दिवशी दुपारी टिकटिक पुन्हा सुरू झाली. अप्पा गाडीला कान लावून बसले. बसल्या बसल्या त्यांचा चेहरा बदलत गेला.

"ही इंजिनाची न्हाई," ते म्हणाले. "ही म्या ऐकलेली हाय."

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. चौदा वर्षांत आईलाही सांगितली नव्हती. भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमधून काही जण पहारी, जॅक, साखळदंड घेऊन गेले होते. अप्पाही गेले. पाऊस लागला होता. एका ढिगाऱ्याखालून टकटक ऐकू आली. अप्पांनी आडवं पडून, दगडाच्या फटीला तोंड लावून विचारलं, किती जण हाव? खालून तीन ठोके आले.

"म्या म्हनलं, आलोच. असं म्हनलो बग मी. आन् बाजूची दगडी भिंत सरकायला लागली. सोबतच्यांनी मला पाय धरून मागं ओढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो, तर वाजत नव्हतं."

ते कोणतं गाव, कुणाचं घर, मी विचारलं नाही. त्यांना ठाऊक असेल असंही नाही. त्यांनी वाकून टपावर नखानं एक ठोका दिला.

"किती जण हाव?"

टिक्. टिक्. टिक्.

अप्पांनी माझा हात एवढा घट्ट धरला की बांगडी रुतली. ते रडत होते की हसत होते ते मला कळेना. माझ्या डोक्यात मात्र मास्तरीण जागी होती. तीन ठोके योगायोगानंही पडू शकतात. मी मोठ्यानं म्हटलं, "हो असेल तर एक, नाही असेल तर दोन." आणि विचारलं, "बाहेर यायचंय?"

एक.

"दार तुम्ही धरलंय?"

दोन.

अप्पांनी आणि मी एकमेकांकडं पाहिलं. ज्याला बाहेर यायचं आहे तो दार धरून कशाला बसेल? हा प्रश्न मला आलेख काढतानाच पडायला हवा होता.

"तुमच्याशिवाय आत आणखी कुणी आहे?"

ठोका आला, एकच, इतका हळू की तो ऐकला की वाटला, हे मला आजही सांगता येणार नाही.

६

"दारानं जायचंच न्हाई," अप्पा म्हणाले.

ते अचानक तीस वर्षांनी तरुण झाले होते. पेटी उघडली, सगळ्यात बारीक पेचकस काढला, टेबलावर जुना टॉवेल अंथरला. डायकास्ट गाडीच्या बॉडीचं कवच वेगळं असतं आणि तळ वेगळा. सीट, स्टिअरिंग, चाकं सगळं तळावर बसवलेलं असतं, दारं कवचाला. दोन्ही भाग जोडायला खालून चार स्क्रू.

"जो कुनी हाय तो दारापाशी हाय. आपन खालून जायचं. तू दार ओढत ऱ्हा, म्हंजे त्याचं ध्यान तिकडंच राहील."

मी दोरा ओढून धरला. गाडी उलटी, माझ्या बोटांत तो जिवंत ताण, आणि अप्पा श्वास रोखून एकेक स्क्रू सोडवताहेत. पहिला. दुसरा. तिसऱ्याला आतली टकटक वाढली, घाईची, एकावर एक. "आलो, आलो," अप्पा पुटपुटत होते. चौथा स्क्रू टॉवेलवर पडला. त्यांनी गाडी सुलटी केली आणि कवच वर उचललं.

टकटक थांबली.

आतल्या काळ्या प्लास्टिकच्या सीट्स नव्याकोऱ्या होत्या. मागच्या सीटवर तीन खळगे होते, जवळ जवळ. आम्ही पाहत असताना ते हळूहळू भरून आले. गादीवरून माणूस उठल्यावर गादी वर येते तसे. कठीण प्लास्टिक होतं ते. मी नंतर नखानं दाबून पाहिलं.

"सुटले!" अप्पा ओरडले. "मुग्धे, सुटले!" त्यांनी मला मिठी मारली. मीही ओरडत होते. खालून केवळाकाकूंनी "काय झालं गं?" म्हणून विचारलं, तर मी "काही नाही काकू, मॅच जिंकली!" असं सांगून टाकलं.

मग माझ्या लक्षात आलं, दोरा अजून ताणलेला आहे.

कवच अप्पांच्या डाव्या हातात होतं. पोकळ, नुसता धातूचा टोप. दाराची आतली बाजू मला स्वच्छ दिसत होती, हिरवा रंग, छोटी कडी, आणि बाकी काहीही नाही. तरीही दार धरलेलं होतं. सत्तर, शंभर. सत्तर, शंभर. ते आता मला काटा न लावता कळत होतं.

अप्पांनाही ते दिसलं. त्यांनी कवच सावकाश टॉवेलवर ठेवलं.

दोरा सैल पडला. दार आपोआप उघडलं, अगदी पुरं, आणि तसंच राहिलं.

७

अर्धा तास झाला असेल. खालून आरडाओरडा ऐकू आला.

प्लायवूडच्या पार्टिशनमागच्या खोलीचं दार उघडत नव्हतं. तीन मुली बाहेर उभ्या होत्या. ऋतुजा जेवून आत झोपली होती.

"कडी लागलीय का?"

"न्हाई मॅडम. ओढलं की जरा बाहेर येतंय, अन् परत आत जातंय," त्यातली एक म्हणाली. "ती आतून ओढून धरतीय वाटतं. पर आवाज तर रडल्यासारखा येतोय."

मी दाराला तळहात लावला. एवढंच पुरे होतं. मी अप्पांकडं पाहिलं.

त्या खोलीला खिडकी नव्हती. वर वीतभर झरोका होता, तोही पुठ्ठ्यानं बुजवलेला. आतून ऋतुजाचा आवाज येत होता, मग नुसते हात आपटल्याचे आवाज, मग तेही विरळ झाले.

"बिजागऱ्या कुठून हायत?" अप्पांनी विचारलं.

"आपल्याच बाजूला."

ते धावत वर गेले आणि पेटी घेऊन आले. सत्तरीचा माणूस दोन दोन पायऱ्या ओलांडत होता. मुलींना मी दार ओढत राहायला सांगितलं. अप्पांनी तिन्ही बिजागऱ्यांचे स्क्रू सोडवले. पहार घालून दार मागच्या कडेनं उचकटलं. ते निघालं आणि ऋतुजा घामानं भिजलेली, पांढरीफटक, माझ्या अंगावर कोसळली.

"बाहेरून कशाला धरलं मॅडम?" ती हुंदके देत होती. "किती ढकललं मी. कशाला धरलं?"

मुली एकमेकींकडं पाहायला लागल्या. मी तिला पाणी पाजत होते. अप्पांनी दार भिंतीला टेकवून ठेवलं आणि आत गेले.

एवढीशी खोली, दोन लोखंडी कॉट, पुस्तकं, दोरीवर कपडे. पलीकडचा कोपरा बाहेरून दिसत होता. अप्पा त्या कोपऱ्यासमोर उभे राहिले आणि हळू आवाजात काहीतरी बोलले. आपण आजारी माणसाजवळ बोलतो तसं. मग थोडा वेळ ऐकलं. मान हलवली आणि परत फिरले.

ते चौकटीपर्यंत आले आणि थांबले. समोर दार नव्हतं. त्यांनी उजवा हात पुढं केला, आणि तळवा हवेत सपाट टेकला. पाचही बोटांची पेरं दाबून पांढरी झाली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. ते घाबरलेले नव्हते. भरलेली बस घाटातून उतरवताना ड्रायव्हरचा चेहरा होतो तसा त्यांचा चेहरा झाला होता, सगळं ध्यान एकवटलेला.

मी ऋतुजाला सोडलं, चौकटीतून हात घातला आणि त्यांचं मनगट धरलं. माझ्या हाताला काही लागलं नाही, नुसती हवा. पण ओढलं तर ते येईनात. मी जोर करत राहिले आणि मनात मोजत राहिले. कधीतरी पलीकडचा हात भरून येणार होता. तो किंचित ढिला पडला, आणि मी सगळं अंग मागं टाकून ओढलं. आम्ही दोघं बोळात पडलो.

ऋतुजाला तिचे वडील दुसऱ्या दिवशी येऊन घेऊन गेले. परीक्षेला ती दुसरीकडून बसली, पासही झाली. मी उमरीला फोन केला आणि दार उघडलं म्हणून सांगितलं. शिवगंगाबाईंनी "दिराची लेकरं? तिघंही?" एवढंच विचारलं. मी हो म्हटल्यावर बराच वेळ त्यांच्या रडण्याचा आवाज येत राहिला.

पण ते नंतर. त्या दुपारी आम्ही बोळातच बसून होतो, भिंतीला पाठ लावून, धापा टाकत. अप्पांच्या केसांत प्लायवूडचा भुसा होता आणि चेहऱ्यावर, मी कधी न पाहिलेला, हलका झालेला आनंद.

"आत कोण होतं अप्पा?"

"बापमाणूस हाय," ते म्हणाले. "वाईट न्हाई. पोरंबाळं मागं घालून दार धरून बसलाय. म्या इचारलं त्याला, बाबा, चौदा वर्सं झाली, आता कशाला धरतो?"

"मग?"

अप्पांनी फरशीवर तळहात टेकवला आणि क्षणभर काहीतरी चाचपल्यासारखं केलं.

"म्हनला, अजून हालून राहिलंय."

मी भिंतीपासून पाठ काढून घेतली.